न वाजलेली घंटा

आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक शिसवी पेटी आहे. तीत पूर्वजांनी जपून ठेवलेली कागदपत्रे आहेत. आणि जे जपून ठेवावयाचे ते वाचावयाचे नसते, अशा काहीशा समजुतीने ती आजवर कोणी वाचलीही नव्हती. एके वर्षी पावसाळा सरल्यावर कसर लागली म्हणून ती उन्हात घातली, तेव्हा तीनशे रुपये पोचल्याची एक पावती हाती आली. अक्षर मोडी, सही स्वच्छ, आणि तिथी अशी : प्रभवनाम संवत्सरे, श्रावण शुद्ध पंचमी. शक मात्र घातलेला नव्हता. झाले! वडील म्हणू लागले, पावती माझ्या आजोबांच्या हातची. काका म्हणाले, छे, ती त्यांच्याही आजोबांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आमच्याकडे चाल असल्यामुळे सहीवरूनही निकाल लागेना. प्रभव संवत्सर शके १७८९ मध्ये येऊन गेले, शके १८४९ मध्ये आले, आणि शके १९०९ मध्येही आले. साठ नावे संपली की गाडी पुन्हा पहिल्या नावावर. पावती लिहिणाऱ्याच्या मनात त्या दिवशी यत्किंचितही संशय नसावा; त्याच्या डोळ्यांपुढे एकच प्रभव होते. संशय उरला तो आमच्यासारख्या मागाहून येणाऱ्यांच्या वाट्याला.

हा वाद रंगात आला असता मी कोपऱ्यात गप्प बसून होतो आणि मनातल्या मनात ओशाळत होतो. कारण अगदी याच जातीच्या एका चुकीपायी काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका परक्या बाईवर अन्याय घडला होता. ती हकीकत सांगावी असे पुष्कळ दिवस मनात आहे. तीत यंत्राची गोष्ट बरीच आहे. परंतु ज्या वाचकांना यंत्राचे वावडे असेल त्यांनी लगेच पान उलटू नये, एवढी विनंती आहे. ज्याला पंचांग समजते त्याला यातले सारे काही समजेल.

माझा धंदा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. त्यातही कर्नल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाभ्यातील काम माझ्याकडे असते. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एक मोठा वाडा मानला, तर कर्नल हा त्या वाड्याचा कारभारी. पाहुण्यांपुढे तो कधी येत नाही. परंतु कोणाला केव्हा वाढावयाचे, कोणाला किती वेळ ताटकळत ठेवावयाचे, रात्री कोणते दार लावावयाचे, हे सर्व त्याच्या हुकमाने चालते. मी ज्या कर्नलची चाकरी करतो त्याचे नाव लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहावयास घेतला. आणि आज खिशातल्या फोनापासून मोठमोठ्या बँकांच्या यंत्रांपर्यंत सर्वत्र तो निमूटपणे राबत असतो.

कोणत्याही कारभाऱ्याला वेळेचे भान हवेच. यंत्रातील एक चिमुकले घड्याळ ठराविक अंतराने कर्नलच्या पाठीवर टिचकी मारते आणि दर टिचकीला कर्नल आपल्याजवळचा एक आकडा एकाने वाढवतो. या टिचकीला तिकडे ‘जिफी’ म्हणतात. आपल्या निमिषाची ही चुलत बहीणच म्हणावयाची. सेकंदाला शंभर टिचक्या ठेवाव्यात, अडीचशे ठेवाव्यात की हजार, हे यंत्र घडविणाऱ्याने ठरवावयाचे असते. एवढे केले की ‘दहा मिनिटे झाली काय?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : तेव्हाचा आकडा लिहून ठेवावा, आताचा पाहावा, आणि वजाबाकी करावी.

अडचण इतकीच, की ज्या भांड्यात हा आकडा साठवावयाचा ते भांडे बेताचेच असते. ज्या यंत्रांना आम्ही ३२ बिटांची म्हणतो त्यांच्या भांड्यात ४,२९,४९,६७,२९६ इतक्याच संख्या मावतात. भांडे भरले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला हजार टिचक्या धरल्या, तर ४९ दिवस, १७ तास आणि सुमारे ३ मिनिटांनी हा प्रसंग येतो. म्हणजे साठ वर्षांचे संवत्सरचक्र जसे आपल्याकडे फिरते, तसे यंत्राच्या पोटातही एक चक्र फिरत असते. ते केवळ पन्नास दिवसांच्या आत पुरे होते, एवढाच फरक.

या चक्राने भल्याभल्यांना चकविले आहे. विंडोज ९५ आणि ९८ या प्रसिद्ध सिस्टीमा सुमारे ४९.७ दिवस अखंड चालल्या की गोठून जात. त्या इतके दिवस न थांबता चालल्या तर ना, अशी थट्टाही लोक करीत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने बोइंग ७८७ या विमानांबद्दल एक हुकूम काढला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिल्यास विमानातील जनित्रांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणांच्या पोटातील असेच एक भांडे भरते आणि त्या सर्व एकदम हातपाय गाळतात, असे आढळून आले होते. म्हणून त्याआधीच वीज बंद करून पुन्हा चालू करावी, असा तो हुकूम होता. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जी जुनी यंत्रे अजून कोठे कोठे टिकून असतील, त्यांचे भांडे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडील सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले असता, असेच भरावयाचे आहे.

लिनक्सच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक होता, आणि त्यांनी त्यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे. समजा, आपणांस कोणी विचारले की क्षय संवत्सर आधी की प्रभव आधी? नावांच्या यादीत प्रभव पहिले आणि क्षय साठावे. एका वाटेने मोजले तर क्षय एकोणसाठ वर्षे पुढे आहे. दुसऱ्या वाटेने मोजले तर ते अवघे एक वर्ष मागे आहे. अशा वेळी शहाणा मनुष्य जवळची वाट खरी धरतो. चाळीस-पन्नास वर्षांपलीकडच्या गोष्टी रोजच्या व्यवहारात येतात कशाला? कर्नलमध्ये ‘टाइम आफ्टर’ नावाचे एक सूत्र आहे. ते हाच न्याय लावते. दोन आकड्यांत चक्राच्या अर्ध्याहून कमी अंतर आहे असे गृहीत धरून ते कोण आधी आणि कोण नंतर हे सांगते. मग मध्ये भांडे रिकामे झालेले असो वा नसो.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सूत्र असले तरी ते वापरण्यास विसरणारे लेखक असावयाचेच, आणि त्यांची चूक उघडकीस येण्यास पन्नास दिवस लागावयाचे. म्हणून डिसेंबर २००३ मध्ये निघालेल्या २.६ या आवृत्तीत अशी युक्ती आहे की यंत्र सुरू होताना गणती शून्यापासून धरावयाची नाही. भांडे भरण्यास पाच मिनिटे कमी असतील अशा ठिकाणापासून धरावयाची. त्यामुळे यंत्र सुरू केल्यावर पाचच मिनिटांनी भांडे भरते आणि ज्याने चूक केली असेल त्याची फजिती त्याच्याच टेबलावर, त्याच्याच डोळ्यांदेखत होते. घरी पाहुणे यावयाच्या आधी घराच्या माणसांनी आमटी चाखून पाहावी, तशातला हा प्रकार. मला ही युक्ती प्रथम कळली तेव्हा मी तिच्यावर इतका लुब्ध झालो, की ज्याअर्थी आमचे यंत्र या पाच मिनिटांच्या परीक्षेतून पार पडले आहे, त्याअर्थी वेळेच्या बाबतीत ते निर्दोष आहे, असे मी मानू लागलो. माझ्या पुढील पापाचे मूळ या मानण्यात होते.

त्या वेळी मी पुण्यातील एका लहानशा कंपनीत नोकरीस होतो. लशी ज्या फ्रीजमध्ये ठेवतात त्यावर पहारा करणारे एक यंत्र आम्ही तयार केले होते. लशी दोन ते आठ अंश सेल्सियस या उष्णमानात ठेवाव्या लागतात. त्याहून ऊब लागली तर त्यांचा गुण कमी होतो, आणि बाहेरून पाहणाराला तर काहीच कळत नाही. आमच्या यंत्राची एक तार फ्रीजमध्ये सोडलेली असे. उष्णमान आठाच्या वर गेले की यंत्रावरची घंटा वाजे. वीज गेली म्हणून यंत्राने झोपी जाऊ नये, यासाठी त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी होती. एकदा भिंतीवर लावले की ते महिनेन्‌महिने अखंड जागे राही. आणि याचा आम्हांस अभिमान होता.

घंटा वाजविण्याचे प्रकरण मी लिहिले होते. प्रारंभी ती घंटा उष्णमान वर आहे तोवर एकसारखी ठणठणत असे. त्यामुळे दवाखान्यातील माणसे त्रासून तिची तारच काढून ठेवीत. तेव्हा मी नियम घातला, की एकदा घंटा वाजली की पुढील दहा मिनिटे पुन्हा वाजावयाची नाही. दार लावावयास, डॉक्टरांना बोलवावयास माणसाला तेवढी सवड मिळावी. त्यासाठी मी शेवटची घंटा केव्हा वाजली तो आकडा लिहून ठेवू लागलो, आणि घंटा वाजविण्यापूर्वी ‘त्या वेळेत दहा मिनिटे मिळविली तर आताची वेळ तिच्या पुढे आहे काय?’ हा प्रश्न त्या ‘टाइम आफ्टर’ सूत्राला विचारू लागलो. एका ओळीचा प्रश्न. पाच मिनिटांनी भांडे रिकामे होई तेव्हाही उत्तर अचूक येई. आणखी काय हवे?

दोनेक वर्षे सुरळीत गेली. मग एके दिवशी घाटाखालच्या एका गावातील धर्मादाय दवाखान्याकडून पत्र आले. ऑगस्ट महिन्यात एके रात्री त्यांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला. सकाळी दार उघडले तो आतील उष्णमान बावीस अंश. लशी सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. त्या आठवड्यात टोचावयास आणलेली मुले आयांनी तशीच परत नेली. रात्रपाळीस असलेली परिचारिका म्हणत होती की घंटा वाजलीच नाही. विश्वस्तांनी आम्हांस विचारले होते, की हे शक्य आहे काय?

यंत्र पुण्यास मागवून घेतले. ते माझ्या टेबलावर आले, मी ते सुरू केले, तार हातात धरून ऊब दिली. घंटा खणखणीत वाजली. पुनःपुन्हा वाजविली; दहा मिनिटांचा नियमही चोख. त्या रात्रीच्या उष्णमानाची नोंद यंत्रात होती. घंटा वाजली की नाही, याची नोंद ठेवण्याची सोय मात्र मी केलेलीच नव्हती. तेव्हा मी दवाखान्यास उत्तर लिहिले. त्यातील वाक्य मला अजून तोंडपाठ आहे : ‘यंत्र सर्व परीक्षांत निर्दोष आढळले; घंटा वाजली नसण्याचा संभव नाही.’ खाली माझी सही.

यंत्र परत बसविण्यास मीच गेलो, तो केवळ योगायोगाने. आमचा नेहमीचा माणूस आजारी होता. एस.टी.तून उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. दवाखान्यात फ्रीजच्या खोलीत एक नवखी मुलगी होती. मी आधीच्या बाईंची चौकशी केली, तर कळले की त्यांचा अर्ध्या महिन्याचा पगार कापून त्यांना बाहेरच्या केसपेपरांच्या खिडकीवर बसविले आहे, आणि त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात ‘हलगर्जी’ असा शेरा पडला आहे. तो शेरा कशाच्या आधारे पडला हे कोणी मला सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते.

यंत्र बसवून निघताना त्या खिडकीपाशी मी थांबलो. बाई पन्नाशीच्या असाव्यात. मी कोण हे कळल्यावर त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या रागावल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, “साहेब, तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं खरं असेल. पण घंटा वाजली असती तर मला ऐकू आलीच असती. रोज वाजणाऱ्या आवाजाकडे माणसाचं दुर्लक्ष होतं. माझ्या खोलीत तर महिनाभरात ती वाजलीच नव्हती.”

“महिनाभरात एकदाही नाही?”

“कशी वाजेल? दार उघडं टाकलं तर वाजणार. मी कुणाला टाकू देत नाही.” असे म्हणून त्या उठल्या आणि फ्रीजच्या खोलीतील भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेऊन आल्या. दूधवाल्याचा खाडा मांडावा तशा बारीक अक्षरांत त्यांनी त्यावर सगळे टिपलेले होते. जुलैच्या ५ तारखेच्या चौकोनात लिहिले होते : ‘घं. वाजली. झाडणाऱ्या मावशी. दार.’ त्यानंतर ऑगस्टच्या ५ तारखेपर्यंत, म्हणजे त्या रात्रीपर्यंत, घंटेचे नाव नाही. एकतीस दिवस.

परतीच्या एस.टी.त खिडकीपाशी बसून मी तो एकतीसचा आकडा मनात घोळवीत होतो. घाट चढता चढता केव्हातरी मला ते संवत्सरचक्र आठवले, आणि अंगावर काटा आला. चक्र ४९ दिवस १७ तासांचे. त्याचा अर्धा भाग २४ दिवस २० तास ३१ मिनिटांचा. एकतीस दिवस म्हणजे अर्ध्याच्या पलीकडे! सूत्राचा न्याय जवळची वाट धरण्याचा. मागच्या वाटेने मोजले तर शेवटची घंटा एकतीस दिवसांपूर्वी वाजलेली. पुढच्या वाटेने मोजले तर तीच घंटा अठराएक दिवसांनी वाजावयाची. एकतीसाहून अठरा जवळ. म्हणून सूत्राने इमानाने सांगितले, की शेवटची घंटा अजून वाजावयाची आहे. मग तीनंतर दहा मिनिटे होऊन जाण्याचा प्रश्नच कोठे उद्भवतो? कर्नलने फ्रीजमधील वाढती ऊब पाहिली, माझा नियम वाचला, आणि माझ्या आज्ञेप्रमाणे तो गप्प बसला.

पाच मिनिटांच्या परीक्षेत ही चूक दिसणे शक्यच नव्हते. ती परीक्षा भांडे भरून रिकामे होण्याची होती. माझी चूक जुनी खूण फार दिवस जवळ बाळगण्याची होती. टेबलावर यंत्र नुकतेच सुरू झालेले असे, त्यामुळे तेथे खूण नेहमी ताजी. आणि इतर दवाखान्यांतून तक्रार का आली नाही, याचाही उलगडा झाला. तेथे आठ-पंधरा दिवसांतून कोणीतरी दार उघडे टाकी, घंटा वाजे, आणि खूण आपोआप नवी होई. निष्काळजीपणाने माझी चूक झाकली जात होती. जेथे कोणी दार उघडे टाकीत नव्हते, जेथे पंचवीस दिवस घंटेला वाजण्याचे कारणच पडत नव्हते, तेथेच ती पुढचे पंचवीस दिवस मुकी होत होती. ज्या बाईच्या पुस्तकात हलगर्जीचा शेरा पडला, तिच्या दक्षतेनेच यंत्र मुके झाले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्याच्या आधीच जाऊन पोचलो. पंचवीस दिवस वाट पाहावयास सवड नव्हती. म्हणून एक यंत्र सुरू करून त्यातील शेवटच्या घंटेची खूण मी हाताने एकतीस दिवस मागे सारली. पहारेकऱ्याने माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता. त्या वाफाळलेल्या पेल्यात मी यंत्राची तार बुडविली. पडद्यावर उष्णमान भराभर चढू लागले : बारा, तीस, पन्नास. घंटा वाजली नाही. मी पेला निवेपर्यंत तेथे बसून होतो. इतकी भयंकर शांतता मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. एक, मोठे भांडे घ्यावयाचे. कर्नलजवळ ६४ बिटांचेही एक भांडे असते. सेकंदाला हजार टिचक्या धरल्या तरी ते भरावयास ५८ कोटी वर्षे लागतील. मात्र ३२ बिटांच्या यंत्राला ते एका घासात वाचता येत नाही. अर्धे वाचून झाले आणि नेमकी तेवढ्यात टिचकी पडून हातचा पलीकडे गेला, तर भलताच आकडा हाती येतो. म्हणून ते वाचण्याची एक जपणुकीची रीत कर्नलने घालून दिली आहे. दुसरी वाट अधिक साधी होती आणि मी ती घेतली. शेवटची घंटा केव्हा वाजली, हे जन्मभर लक्षात ठेवण्याचे कारणच काय? मला हवी होती ती दहा मिनिटांची शांतता. तेव्हा घंटा वाजली की ‘गप्प’ अशी खूण करावयाची, आणि दहा मिनिटांनी ती खूण पुसून टाकावी असा निरोप कर्नलजवळ देऊन ठेवावयाचा. खूण पुसली की त्या घंटेची कोणतीही आठवण उरत नाही. आणि जी आठवण उरली नाही ती महिन्याने उलटून अंगावरही येत नाही. याखेरीज, घंटा वाजली की त्याची नोंद आणि नियमामुळे दाबली गेली तर तिचीही नोंद, अशी सोय केली. सगळ्या मिळून वीस-बावीस ओळी. दुपारपर्यंत काम संपले. पुन्हा चहा मागविला, पुन्हा तार बुडविली. घंटेच्या आवाजाने शेजारच्या खोलीतील माणसे धावत आली.

येथवर सारे सोपे होते. माझ्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि सर्व दवाखान्यांना नवी आवृत्ती पाठविण्याची व्यवस्था केली. सोबतच्या कागदावर काय लिहावयाचे, असे मी विचारता ते म्हणाले, “किरकोळ सुधारणा, एवढं पुरे. यंत्र सुधारलं ना? मग झालं.” मी त्या पहिल्या पत्राची आठवण दिली. ते म्हणाले, “ती त्यांची घरची बाब. आपण आपण होऊन कशाला कबूल करा?”

मला येथे असे लिहिता आले असते, की मी तत्काळ बाणेदार उत्तर दिले. खरे सांगावयाचे तर मी आठ दिवस काहीच केले नाही. नोकरी नवी होती, घराचे हप्ते चालू होते, आणि अर्ध्या महिन्याचा पगार म्हणजे काही फाशी नव्हे, अशी मनाची समजूतही मी घातली. परंतु त्या आठ दिवसांत एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. यंत्राला मी नुकतेच शिकविले होते की दहा मिनिटे गप्प राहावयास हरकत नाही, पण ती वेळ संपल्यावर गप्प राहता कामा नये; आणि माझी दहा मिनिटे तर केव्हाच संपली होती. नवव्या दिवशी मी विश्वस्तांना दुसरे पत्र लिहिले. माझे पहिले पत्र चुकीचे होते, घंटा त्या रात्री वाजलेली नव्हती, ती का वाजली नाही याचे कारण अमुक, आणि ती चूक ज्याने केली तो मी, असे सरळ लिहिले. कॅलेंडरावरील नोंदीवरून ती सापडली, हेही लिहिले. कंपनीत त्याबद्दल जे ऐकून घ्यावे लागले ते ऐकून घेतले. ते फारसे काही नव्हते. भीतीच्या मानाने तर अगदीच थोडे.

विश्वस्तांचे उत्तर दोन ओळींचे आले : पत्र पोचले, मजकूर कळला. कापलेला पगार बाईंना परत मिळाल्याचे व त्यांना पुन्हा लशींच्या खोलीवर नेमल्याचे मागाहून कळले. नोकरीच्या पुस्तकातील शेरा मात्र पुसता येत नाही म्हणे. त्यावर तांबड्या शाईची रेघ मारून बाजूला कोणीतरी सही केली आहे. रेघेखालचा शब्द अजून वाचता येतो. यंत्रातील खूण मला एका ओळीत पुसता आली. कागदावरची तशी पुसता येत नाही.

पुढच्या वर्षी त्या बाजूस जाण्याचा प्रसंग आला तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून दवाखान्यात गेलो. क्षमा मागावयाची म्हणून वाक्ये जुळवून ठेवली होती. ती त्यांनी अर्ध्यावरच थांबविली. “अहो साहेब, चुका काय, माणसाच्याच व्हायच्या,” असे म्हणून त्यांनी मला स्टुलावर बसविले. मग हळूच विचारले, “पण मला एक सांगा. आता ती कधीच मुकी व्हायची नाही, हे तुम्ही खात्रीनं सांगता?”

एके काळी मी त्या प्रश्नाला ‘संभव नाही’ असे उत्तर लिहून दिले होते. या वेळी मी म्हणालो, “माझ्या मते होणार नाही. पण तुम्ही माझ्या मतावर राहू नका. महिन्यातून एकदा वाजवून पाहत जा.”

त्या हसल्या आणि भिंतीकडे बोट दाखविले. कॅलेंडर नवे होते, अक्षर तेच. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेच्या चौकोनात एकेक ओळ होती : ‘तार चहात घातली. वाजली.’ माझा सल्ला पोचण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी तो अमलात आणला होता. आणि प्रत्येक नोंदीपुढे, आमच्या पूर्वजांना जे सुचले नाही ते, साल सुद्धा लिहिले होते.